एकतीस नंबरचं दार

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी उभं राहून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. तिच्यात मोठा आवाज फार थोड्या ठिकाणी आहे. एका माणसाची कथा सांगते, ज्यानं आयुष्यातली बारा वर्षं एका लोखंडी कपाटाच्या दाराकडे बघत काढली. कीर्तनकार गाऊन सांगतात ते कानात घेऊन मी वाढले, पण मला काही त्यांच्यासारखा गळा नाही. तेव्हा साधंच सांगते. चाल तुम्ही आपल्या मनात लावून घ्या.

नारंबूल हे आमचं गाव, मेलबर्नहून साडेचार तासांवर; मी मराठी मुलुखातून जाऊन तिथेच रुजले. चहूकडे गहू, मधे धान्याची उंच कोठारं, एक चर्च, एक शाळा आणि फुटबॉलचं, म्हणजे तिकडच्या हातापायांनी खेळायच्या फुटबॉलचं, लंबगोल मैदान. या शाळेत मी सदतीस वर्षं गणित शिकवलं. आमच्याकडे शनिवारी सामना असला की लोक गाड्या थेट मैदानाच्या पांढऱ्या कठड्याला नाक लावून उभ्या करतात आणि गाडीतच बसून बघतात. मांडीवर गोधडी, हातात कागदात गुंडाळलेला गरम पाय, म्हणजे आपला खिमा भरलेला पाव म्हणा ना. आपल्या संघानं मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू मारला की सहा गुण, आणि सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजतात. चेंडू बाजूच्या ठेंगण्या खांबाकडून गेला तर एकच गुण. त्याला भोंगा नाही.

त्या भोंग्यांत एक सगळ्यांच्या मागून वाजायचा, सर्दी झालेल्या बैलासारखा. तो कीथ पेट्शेलच्या ट्रकचा. कीथ शेतकरी, उंच, बोलायला कंजूष. चर्चमध्ये खर्जात गायचा आणि तिथेही अर्धी मात्रा मागेच असायचा. मी एकदा म्हटलं, "कीथ, सगळे संपवतात तेव्हा तुम्ही सुरू करता."

"बाई," तो म्हणाला, "देवाला घाई नाही. पाद्रीबुवांना आहे."

हा कीथ एकोणीस वर्षांचा असताना मेलबर्नला गेला होता. टेनबी नावाच्या मोठ्या क्लबात चार सामने खेळला, गुडघा गेला, परत आला. एवढंच गावाला ठाऊक होतं. त्या चार सामन्यांबद्दल त्याच्या तोंडून कुणी एक वाक्य ऐकलं नव्हतं. त्याच्या बायकोनंही नाही, आणि ती तर कबरीपर्यंत विचारत गेली. टेनबीत त्याच्या जर्सीचा नंबर एकतीस होता.

त्याचा मुलगा टोबिन. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा, वहीच्या समासात खांब काढायचा. दोन उंच, दोन ठेंगणे. त्याच्या अठराव्या वर्षी मोठ्या क्लबांनी देशभरातल्या पोरांमधून आपापले खेळाडू निवडले, तेव्हा सगळं गाव सभागृहात जमून ऐकत बसलं होतं. नावं संपत आली, चहा थंड झाला, लोक खुर्च्या आवरायला लागले, आणि अगदी शेवटी टेनबीनं टोबिन पेट्शेलचं नाव घेतलं. बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे भोंगे वाजवायला लोक पळाले. कीथ जागचा हलला नाही. त्यानं खुर्ची घडी करून भिंतीशी ठेवली आणि मग दुसरी उचलली.

क्लबानं पोराला विचारलं, कुठला नंबर हवा? टोबिन म्हणाला, एकतीस.

आता दाराचं सांगायला हवं. टेनबीच्या जुन्या मैदानावर खेळाडूंची खोली आहे. तिथे प्रत्येक नंबरचं एक लोखंडी कपाट, बाटलीहिरव्या रंगाचं. तो नंबर घालून कुणी शंभर सामने पुरे केले की त्या दारावर त्याचं आडनाव पांढऱ्या रंगानं लिहायचं. नुसतं आडनाव. एकेका दारावर सहा-सहा, सात-सात नावं वरून खाली उतरत आलेली. एकतीसचं दार मात्र कोरं. कुणाचा पाय मोडला, कुणी दारूपायी गेला, कुणाला दुसऱ्या क्लबानं नेलं. पोरं म्हणायची, पनवती नंबर आहे.

नावं लिहायचं काम मर्व्हचं. मर्व्ह म्हणजे क्लबातला जुना माणूस. चेंडूत हवा भरणं, बुटांचे खिळे घट्ट करणं, जर्स्या धुणं, सगळं तोच. पहिल्याच दिवशी तो टोबिनला म्हणाला होता, "पेट्शेल होय? तुझ्या बापाच्या जर्सीला बटाट्यासारखा वास येतो म्हटलं मी, तर आठवडाभर बोलला नाही."

"अजूनही नाही बोलत," टोबिन म्हणाला.

पोराच्या मनात काय होतं ते तेव्हाच ठरलं. आडनाव दोघांचं एकच. दारावर एकदा ते उमटलं की त्यातला अर्धा वाटा बापाचा. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी.

पहिलं वर्ष राखीव संघात गेलं. दुसऱ्या वर्षी पहिला सामना मिळाला. त्यांच्याकडे रीत अशी, की पहिल्या सामन्याची जर्सी घरच्या माणसाच्या हातून घ्यायची. कीथ साडेचार तास ट्रक चालवत गेला, खोलीत सगळ्या संघासमोर उभा राहिला. सगळे वाट बघतायत, बाप दोन शब्द बोलेल. कीथनं जर्सी पुढे केली आणि म्हणाला, "धुतलेली आहे." पोरं हसली. टोबिन हसला नाही. बापाचा अंगठा एकतीसच्या आकड्यावरून एकदा फिरलेला त्यानं बघितला होता.

पुढे दोन वर्षं पोराला जणू पंख फुटले होते. पेपरात फोटो, रस्त्यात लोक सह्या मागायचे. आमच्या बेकरीवाल्यानं त्याच्या नावाचा बन काढला, मनुके घालून एकतीस लिहिलेला. एकाच्या जागी कधी मनुका गळला की गिऱ्हाईक म्हणायचं, अहो हा तीन नंबरचा दिलात. मग खांदा निखळला. शस्त्रक्रिया, परत खेळ, परत खांदा. चोविसाव्या वर्षी क्लबानं त्याला बोलावून कॉफी पाजली आणि नाव यादीतून काढलं. तो वर्षभर घरी होता. बापाबरोबर पेरणी केली, शनिवारी गावाकडून खेळला. चर्चमध्ये बापाशेजारी उभा राहायचा, ओठ हलायचे, आवाज नाही. मी देवाजवळ त्याच्यासाठी मागायची, पण काय मागावं ते कळायचं नाही. तिकडे पाठव म्हणू, की तिकडची ओढच काढून घे म्हणू? मग नुसतं त्याचं नाव घ्यायची.

वर्षानं टेनबीनं त्याला परत बोलावलं, सगळ्यात खालच्या यादीवर. तो गेला. पुन्हा कधी संघात, कधी बाहेर. दर रविवारी प्रार्थना झाली की कीथ चर्चच्या पायरीवरून फोन लावायचा. आम्ही आसपास असायचो, आम्हाला ते बोलणं पाठ होतं.

"किती?"

"एकाहत्तर."

"खांदा?"

"ठीक. पाऊस?"

"नाही."

"बरं."

"बरं."

फोन खिशात. एवढंच. पण 'किती' विचारताना त्याचा आवाज खाली यायचा, चर्चमध्ये शेवटचं कडवं गाताना यायचा तसा.

अशी ती संख्या चढत गेली. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. तिशी आली, पाय जड झाले, प्रशिक्षक त्याला एक आठवडा खेळवायचा आणि दोन बसवायचा. शेवटचा हंगाम हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये नव्व्याण्णव झाले, आणि पुढच्या शनिवारच्या संघात त्याचं नाव लागलं.

आता ऐका, चूक कुठे झाली. मर्व्ह सत्तरी उलटलेला. नाव लिहायचं ते सामन्यानंतर, अशी पक्की रीत. पण तो रंग वाळायला चांगला एक दिवस लागतो, आणि मर्व्हच्या डोक्यात आलं, की म्हातारा बाप एवढ्या लांबून येणार, सामना झाला की लगेच परत निघणार, गुरांना पाणी दाखवायला. त्याला ते दार कधी बघायला मिळणार? म्हणून मर्व्हनं शुक्रवारीच बारीक ब्रश घेतला आणि कोऱ्या दारावर सगळ्यात वरच्या ओळीत 'पेट्शेल' लिहून टाकलं. नव्व्याण्णवावर. चाळीस वर्षांत प्रथमच. चूकच ती, पण मायेची.

शनिवारी सकाळी संघ जुन्या मैदानावर जमला. तिथून बसनं मोठ्या स्टेडियमला जायचं होतं. टोबिन बापाला घेऊन खोलीत गेला. दोघं दारासमोर थांबले. कीथनं नाव वाचलं. मग बोट पुढे केलं आणि शेवटच्या अक्षराला लावलं. रंग अजून जरा ओला होता. बोटाला पांढरा ठिपका आला.

"खराब केलं मी," तो म्हणाला.

"असू दे," मर्व्ह म्हणाला. "सही समजू."

कीथनं तो ठिपका पुसला नाही. बसमध्ये सगळा वेळ तो हात मांडीवर उताणा ठेवून बसला होता.

स्टेडियममध्ये सामन्याआधी तासभर पोरं अंग मोकळं करतात. शंभराव्या सामन्याचा मान म्हणून कीथला आत सोडलं होतं, दोरीच्या पलीकडे. टोबिन धावत आला, वळला, आणि उजव्या पोटरीत काहीतरी तुटलं. पडला नाही. बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून तो खाली बसला, मग चालत दोरीपाशी आला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकाच्या आलं होतं.

"टाच टेक," कीथ म्हणाला.

टोबिननं टाच टेकवली. चेहऱ्यावर घाम आला.

"पोटरी?"

"हो." आवाज खाली. "बाबा, पाच मिनिटं निभावतील. आत धावायचं, एकदा चेंडूला हात लावायचा, मग लंगडत बाहेर. सामन्यातच झालं म्हणेन. शंभर होतील."

"निभावतील," कीथ म्हणाला. "माझी अकरा मिनिटं निभावली होती."

टोबिननं टाच परत उचलली.

"चौथा सामना. गुडघा आदल्या दिवशीच गेला होता. मी बोललो नाही. अकरा मिनिटांनी पडलो. तेव्हा बदली दोनच असायचे; एक माझ्या जागी गेला, दुसरा लवकरच लागला, आणि पुढे आणखी एक पडला. शेवटचा अर्धा वेळ आपले अठराऐवजी सतरा जण खेळले, दोन गुणांनी हरले." त्यानं बोटावरच्या ठिपक्याकडे बघितलं. "कुणी मला काही म्हटलं नाही. मर्व्हनंसुद्धा. परत जायचं तोंडच राहिलं नाही."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"आता सांगितलं."

"मग मी काय करू?"

"ते मी नाही सांगणार," कीथ म्हणाला. "दार तुझं आहे."

श्रोतेहो, इथे जरा थांबू या. कीर्तनात अशा जागी टाळ थांबतात. मी त्या पोराच्या जागी स्वतःला पुष्कळदा उभं करून बघितलं आहे, आणि खरं सांगते, दर वेळी मी नाडी बांधून आत धावले आहे. बारा वर्षं. दोन शस्त्रक्रिया. पाच मिनिटं. कोण विचारणार होतं?

टोबिन प्रशिक्षकाकडे गेला. प्रशिक्षक डेनम म्हणजे दगडासारखा माणूस. त्यानं ऐकून घेतलं, टोबिनच्या पोटरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला कळलं नसतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," टोबिन म्हणाला.

डेनमनं मान वळवून हाक मारली, "बर्डेट कुठाय?"

कॉनल बर्डेट, एकोणीस वर्षांचा, टास्मानियातून आलेला. ऐनवेळी कुणी गळालं तर हाताशी असावा म्हणून आणलेला. वर्षभरात एकदाही संधी मिळाली नव्हती. तो सापडला स्टँडमागच्या टपरीपाशी. आजही संधी मिळत नाही म्हणून खिम्याचे दोन पाय खाऊन झाले होते, तिसऱ्यावर सॉस घालत होता. धावत आला तेव्हा हनुवटीला सॉस होता. त्याची जर्सी द्यायला घरचं कुणी नव्हतं. टोबिननं डेनमच्या हातातून ती घेतली आणि पोरापुढे केली.

"काय बोलू?" कॉनल म्हणाला.

"काही नको. तोंड पूस."

बॅनर बदलायला वेळ नव्हता. समर्थक बायकांनी तीन दिवस खपून रंगीत कागदाचा दुमजली पडदा चिकटवला होता, टोबिन पेट्शेल शंभर. तो दोन काठ्यांवर उभा राहिला आणि त्याच्याशिवायचा संघ त्याच्यातून धावत गेला. कागद फाटायचाच असतो, त्यासाठीच करतात. पण काठी धरलेली बाई मला पुढे म्हणाली, त्या दिवशी फाटल्याचा आवाज जास्त आला.

आणि संघ हरला. अठरा गुणांनी. कॉनलच्या हाताला चेंडू पाचदा लागला, त्यातला एकदा त्यानं प्रतिस्पर्ध्याला दिला. बापलेकाच्या त्या खरेपणामुळे काही जिंकलं-बिंकलं नाही, हे मी मुद्दाम सांगते.

पोटरी भरून येईपर्यंत हंगाम संपला. पुन्हा एकदा कॉफी, पुन्हा नाव कमी. टोबिन कपाट रिकामं करायला गेला, तेव्हा मर्व्ह तिथे बाकावर बसला होता. ते नाव सहा आठवडे तसंच होतं. काढायला कुणाचा हात उठला नव्हता.

"राहू दे," मर्व्ह म्हणाला. "कोण मोजतंय?"

"माझ्या गणिताच्या बाई मोजतात."

"चूक माझी आहे रे. घाई केली."

"ठाऊक आहे. टर्पेंटाइन कुठे ठेवता?"

फडकं त्यानं स्वतः घेतलं. मर्व्हनं बाटली धरली. रंग आता पक्का वाळला होता. पुसता पुसता खालचा हिरवाही थोडा निघाला. नाव गेलं, पण जिथे ते होतं तिथे दार फिकं पडलं. मर्व्ह म्हणाला हिरवा हात मारतो. मारला नाही.

टोबिन गावी आला तो कायमचा. शेत घेतलं, आमच्या संघाचा प्रशिक्षकही झाला, खेळायलाही लागला. पहिल्याच शनिवारी त्यानं लांबून चेंडू मारला, तो वाऱ्यानं वळला आणि ठेंगण्या खांबाकडून गेला. एक गुण. सगळं मैदान गप्प, आणि तो सर्दीचा बैल ओरडला. दोनदा.

शेजारच्या गाडीतून कुणीतरी काच खाली केली. "कीथ, चष्मा घाल, एकच आहे तो."

"दिसतंय मला," कीथ म्हणाला, आणि तिसऱ्यांदा वाजवला.

तेवढ्या एका दिवशी तो कुणाच्या मागे नव्हता.

चार वर्षांनी पेरणी उरकत आली तेव्हा कीथ गेला. ट्रॅक्टर बंद करून बांधावर बसला तो उठला नाही. चर्चमध्ये आम्ही त्याचं आवडतं भजन गायलं, आणि शेवटचं कडवं झाल्यावर सगळे अर्धी मात्रा थांबलो. कुणी ठरवलं नव्हतं. तो खर्ज काही आला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी टोबिनला मेलबर्नहून बोलावणं आलं. कॉनल बर्डेटचा एकतीस नंबर घालून शंभरावा सामना. त्या पोरानं टोबिन गेल्यावर एकतीस नंबर मागून घेतला होता. सगळे म्हणाले पनवती आहे, तरी घेतला. टोबिन गेला. सामना झाला, मग सगळे जुन्या खोलीत गेले. मर्व्ह केव्हाच निवृत्त झालेला, पण नाव मीच लिहिणार म्हणून आलेला. ब्रश बुडवून त्यानं हात सगळ्यात वर नेला.

"तिथे नको," कॉनल म्हणाला. "दुसऱ्या ओळीपासून घ्या."

"वर रिकामं दिसेल."

"दिसू दे."

पुढच्या रविवारी टोबिननं हे मला चर्चच्या पायरीवर सांगितलं. बाप ज्या पायरीवरून फोन लावायचा, तिथेच. म्हणाला, "बाई, एकतीसवर आता एकच नाव आहे. वरची ओळ कोरी. पण खिडकीतून ऊन तिरकं आलं ना, की तिथलं फिकं दिसतं. आणि शेवटच्या अक्षराच्या जागी एका बोटाचा डाग आहे. तो मी पुसला होता. तरी आहे."

मी विचारलं, "वाईट वाटतं का रे?"

तो समोरच्या गव्हाकडे बघत म्हणाला, "केलं त्याचं नाही वाटत. पण शनिवारी दुपारी, सामन्याच्या वेळेला, हात आपोआप पोटरीवर जातो. दाबून बघतो. आता काही दुखत नाही, बाई. चांगली धावेल."

मग त्यानं खिशातून फोन काढला, सवयीनं. हातात धरला आणि परत ठेवून दिला.

एवढीच कथा. आता एक मागणं आहे, ते नाही म्हणू नका. संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी अर्धी मात्रा थांबा. तेवढ्या जागेत कीथ पेट्शेलची आठवण काढा.